भिमाबायची मुकी कॅसेट

त्या कॅसेटमधल्या दोन तारा मी मुद्दाम चुकीच्या जोडल्या होत्या.

भिमाबाय पाटलांबद्दल लिहायचं तर सुरुवात या वाक्यानेच करायला हवी. नाहीतर पुढे तिच्याबद्दल जे लिहीन ते सत्काराच्या भाषणासारखं होईल, आणि असं भाषण करायचा अधिकार मला नाही. तिच्या घरात मी भाड्याने राहिलो, तिच्या हातचं माशाचं आंबट कालवण खाल्लं, तिच्या हातचा मारही खाल्ला. आणि एका सकाळी गावदेवीच्या देवळात चारचौघांसमोर तिच्याविरुद्ध एकच शब्द बोललो. तो शब्द 'हो' होता.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. माझे वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. आम्ही कोरेगावकडचे. मी आयटीआयमधून टीव्ही-रेडिओचं काम शिकलो आणि घणसोली गावात भिमाबायच्या घरामागची खोली घेतली. पुढच्या पडवीत तिचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दोन टीव्ही, दोन काळे डबे, चार रिमोट, भिंतीला टेकून दोन बाकडी. डबे सतत बिघडायचे, म्हणून मी तिला हवाच होतो. पहिल्या दिवशी मी तिला "अहो पाटीलकाकी" म्हणालो.

"अहो कोनाला बोलतस? मी काय मामलेदारीन हाय?"

तेव्हापासून मी तिला काकी म्हणू लागलो, अगं-तुगं करू लागलो. ती मला मिस्त्री म्हणायची. माझं नाव तिला ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

ती उंच होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कपाळ मोकळं, दंड भातलावणीने आणि मिठागराच्या कामाने कमावलेले. जमिनी सरकारने शहरासाठी घेतल्या, मिठागर बंद पडलं, पण दंड तसेच राहिले. आणि हातात धोपटणं. धुणं बडवायचं साधं लाकडी धोपटणं, मुठीशी गुळगुळीत झालेलं. टीव्हीचं चित्र हललं की ती त्याच्या डोक्यावर एक द्यायची. पोरगं माजलं की त्याच्या पाठीत दोन. "टीव्हीला एक, पोराला दोन, आनि मानसाला मोजायचं नाय," असा तिचा हिशेब होता. मला एकदा बसलं होतं, कारण मी टीव्ही उघडा टाकून चहाला गेलो होतो. आठवडाभर कुशीवर झोपत होतो.

हे धोपटणं ती हातातून का सोडत नाही ते मला तिचा मुलगा किशोरने सांगितलं. त्याचे वडील माती-रेती पुरवायच्या ठेक्यावरून मारले गेले. दुसऱ्या आळीतल्या लोकांनी दिवसाउजेडी कोयत्याने मारलं. भिमाबाय तेव्हा तळ्यावर धुणं धूत होती. कुणीतरी हाक मारली, ती धोपटणं घेऊन तशीच ओल्या लुगड्याने धावली. पोचली तेव्हा मारणारे निघून गेले होते. नवऱ्याचा हात खांद्यापासून सुटला होता. ती त्याच्याजवळ बसून "ऊट, ऊट" म्हणत राहिली. किशोर तेव्हा शाळेत होता.

तिने हा खेळ कशासाठी आणला, ते मी तिलाच विचारलं होतं. मला वाटलं होतं, कमाईसाठी. ती पडद्याकडे बोट करून म्हणाली, "तो बघ, पडला. मेला. आथा बघ." पोराने बटण दाबलं. पडलेला पैलवान उभा राहिला, मान झटकली, मुठी वळल्या. "या खेलात मेलेला उटतो. म्हनून आनला."

भावकीतल्या एका लग्नाच्या खरेदीला ती मुंबईला गेली असताना एका दुकानाच्या काचेत तिने ते पाहिलं होतं, आणि लग्नाची खरेदी तशीच सोडून दुकानात शिरली होती.

त्या काळात घणसोलीत पोरांची मारामारी म्हणजे रोजचं काम होतं. कबड्डीतली पकड, हळदीच्या नाचातला धक्का, गटारावर टाकलेली खोली, काहीही पुरायचं. प्रत्येक गल्लीत बांधकामाच्या सळया पडलेल्या असायच्या, त्यामुळे हत्यार शोधायला लांब जावं लागत नसे. भिमाबायने स्वतःचा एक कायदा केला. दोघं भांडताना दिसले की ती धोपटणं घेऊन मध्ये घुसायची, दोघांच्या मानगुटी धरून पडवीत आणायची, बाकड्यावर शेजारी शेजारी बसवायची आणि हातात रिमोट द्यायची. "मारा आथा. जीव जायपर्यंत मारा." मी एकदा एका पोराच्या नाकातून रक्त ठिबकत असताना, ते रिमोटवर पडत असताना त्याला खेळताना पाहिलंय. दुसऱ्याचा कान फाटला होता. बाहेर पन्नास लोक उभे. जो हरला त्याने सगळ्या वायरी गुंडाळून ठेवायच्या आणि भांडण तिथेच संपलं, असा नियम. आणि खरंच संपायचं. मला नवल वाटायचं, पण तिला वाटत नसे. "मारलंय ना त्यानं त्याला? सगल्यांनी बघितलंय ना? आजून काय पायजे?"

त्यासाठी तिच्याकडे कॅसेट होती एकच. मारामारीची. गाड्यांच्या, विमानांच्या, उड्या मारणाऱ्या माणसाच्या कॅसेटी सगळ्यांकडे मिळायच्या. ही मात्र घणसोलीत फक्त तिच्याकडे होती, आणि तेही नशिबाने नव्हे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या ज्या शेठकडून आम्ही माल आणायचो, तो अशा नव्या कॅसेटी मोजक्याच मागवायचा आणि जो जास्त मशीन घेईल त्यालाच द्यायचा. आमची ऐपत दोन मशीनची. भिमाबायने त्या खाडीपट्ट्यात साहेबलोकांकडून काम काढायची जी रीत आहे ती वापरली. मोठा जिताडा मासा घेतला, ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि मला बरोबर घेऊन निघाली. दुकानात तिने तो शेठच्या काउंटरवर आपटला. शेपटी शेठच्या हिशेबाच्या वहीवर आली.

शेठ शाकाहारी निघाला. नाकाला रुमाल लावून तो मागे सरकला. "बाई, हे उचला."

"ही कॅशेट आमच्या गावात दुसऱ्या कोनाला देनार नाय, बोल. मग उचलते."

"असं नाही होत. धंदा आहे."

ती दुकानाच्या पायरीवर बसली. उन्हात जिताड्याला वास सुटला. गिऱ्हाईक दारात येऊन परत फिरू लागलं. दुपारनंतर शेठने हात जोडले आणि देवाच्या तसबिरीकडे बघून शब्द दिला, घणसोलीत दुसऱ्याला नाही. त्याने तो पाळलासुद्धा. परतताना तिने जिताडा मलाच उचलायला लावला. "शेटाला नको तर नको. आपन खाव."

किशोर तेव्हा विशीला आला होता. बापासारखा रुंद, पण स्वभावाने मऊ. कुणी ओरडलं की आधी हसायचा. खेळात त्याला हरवणारं कुणी नव्हतं. माती-रेतीच्या ठेकेवाल्यांना असा रुंद पोरगा हवाच असतो. एक दिवस त्यांचा एक माणूस मोटारसायकल घेऊन ओट्यापाशी आला. गळ्यात चेन, कमरेला काहीतरी फुगलेलं.

"काकी, किश्याला उद्यापासून साइटवर पाठव. फक्त उभं राहायचं. काम काय नाय."

"त्याचा बाप पन उभाच व्हता," भिमाबाय म्हणाली आणि धोपटण्याने त्याच्या मोटारसायकलचा दिवा फोडला. मग आरसा. मग दुसरा आरसा. तो "काकी, काकी" करत होता तेव्हा तिने त्याच्या गुडघ्यावर मारलं. हाड वाजल्याचा आवाज पडवीत आम्हाला आला. तो लंगडत गाडी ढकलत गेला. रात्री त्यांची माणसं येतील म्हणून मी घाबरून होतो, कुणी आलं नाही. विधवेने मारलं हे चारचौघांत सांगायची त्यांना लाज वाटली असावी.

सगळं असंच चाललं असतं. पण तिच्या दिराच्या मुलाने, प्रदीपने, शेजारीच दुकान काढलं. शेजारी म्हणजे मधली भिंत एकच. जुन्या घराचे वाटे झाले तेव्हा मध्ये घातलेली. प्रदीपकडे मशीन आमच्यासारखीच काळी, पण चार. टीव्ही नवे, रंगीत. पंखा. थंड पाण्याचा माठ. त्याच्याकडे सगळ्या कॅसेटी होत्या, एक सोडून. आणि पोरांना हवी होती तीच एक. पोरं त्याच्या पंख्याखाली पाणी प्यायची आणि मारामारी खेळायला आमच्याकडे घामात बसायची. भिंतीतून तिकडच्या गाड्यांचे आवाज इकडे यायचे, इकडच्या ठोशांचे तिकडे. भावकी आधीच धुमसत होती. आता तिला दोन बाजूंनी टीव्ही लागले.

किशोर आणि प्रदीप लहानपणी एका ताटात जेवलेले. दुकान निघाल्यापासून त्यांचं बोलणं बंद झालं.

प्रदीपने आधी शेठकडे माणूस पाठवला. शेठने शब्द मोडला नाही. मग त्याने मला बोलावलं.

"मिस्त्री, कॅसेट आन. आतल्या चिपची कॉपी मारून दे. काकीला समजनार पन नाय."

"मला जमत नाही," मी म्हणालो. जमत नव्हतंच, पण जमलं असतं तरी दिलं नसतं.

"भाड्यानं राहतोस ना आमच्या गावात?"

माझं सोल्डरिंगचं आयर्न त्याच्या दुरुस्तीच्या टेबलावर तापत होतं. त्याचाच एक रिमोट मी बसवत होतो. त्याने ते हसत उचललं. मला वाटलं, बघतोय. त्याने माझं मनगट धरलं आणि टोक माझ्या हातावर टेकवलं, कोपराच्या खाली. फार वेळ नाही. मांस करपल्याचा वास मला आधी आला, दुखणं नंतर. त्याचे दोन मित्र हसले. "आथा जमंल," तो म्हणाला.

हे मी काकीला सांगितलं नाही. बाही खाली केली. सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी त्याचे दात पाडले असते, आणि पुढचं काही घडलं नसतं. सांगितलं नाही, कारण मला माझं उत्तर स्वतः द्यायचं होतं.

संधी तिनेच दिली. कॅसेट चोरीला जाईल अशी भीती तिला वाटू लागली होती. एका दुपारी ती कॅसेट हातात घेऊन माझ्या खोलीत आली. "मिस्त्री, असं कायतरी कर. माजी कॅशेट माज्याच घरात बोलली पायजे. दुसऱ्याच्या घरी गेली का मुकी झाली पायजे."

काम सोपं होतं. कॅसेटच्या आतल्या पट्टीवरच्या दोन साध्या तारांची अदलाबदल करायची, आणि आमच्या ज्या डब्यात फक्त हीच कॅसेट चालायची त्याच्या खाचेतही तशीच उलटी करून ठेवायची. आमच्याकडे दोन्ही चुका एकमेकींना मिटवतात आणि खेळ चालतो. दुसऱ्याच्या डब्यात तीच कॅसेट घातली तर पडदा काळा राहतो. बाकी काही नाही. कॅसेट मुकी. तिने नेमकं एवढंच मागितलं होतं.

मी साध्या तारा बदलल्या नाहीत. मी वीज येते ती आणि जाते ती, या दोन बदलल्या, कॅसेटमध्येही आणि आमच्या डब्यातही. म्हणजे दुसऱ्याच्या डब्यात कॅसेट घातली की थेट शॉर्ट. प्रदीपचे अ‍ॅडॉप्टर किती हलके आहेत ते मला माहीत होतं. मीच ते उघडून पाहिले होते. तारांना कथलाचा डाग देताना माझ्या हातावरचा फोड बाहीला घासत होता. मी काम अगदी नीट केलं. आयुष्यात इतकं सुबक काम मी क्वचितच केलंय.

"झाली मुकी?" तिने विचारलं.

"झाली," मी म्हणालो.

मग किशोर-प्रदीपच्या एका चुलत बहिणीची हळद आली. त्या गावात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. बेंजोच्या वाजंत्रीवर नाचता नाचता किशोर आणि प्रदीप एकमेकांवर आदळले, सगळे थांबले, आता लागणार म्हणून. आणि ते दोघं गळ्यात पडून रडायला लागले. प्यालेले होते, पण रडणं खरं होतं.

त्यानंतरच्या रविवारी भिमाबाय माहेरी, करावेला, भावाकडे गेली होती. धोपटणं पडवीत ठेवून. भावाकडे ती ते नेत नसे. मी मागच्या दारात रेडिओ उघडून बसलो होतो. किशोर आला, डब्यातून कॅसेट काढली, सदऱ्याखाली घातली. माझ्याकडे बघून हसला.

"आजच्या दिस पद्याकडं लावतो. आयला सांगू नको, मिस्त्री."

मला ठाऊक होतं काय होणार. नुसतं "थांब" म्हणायचं होतं. मी होकाराची मान हलवली. मला वाटलं, डबा जळेल. प्रदीपचा माज जळेल. याच्यापलीकडे मी विचार केला नाही, आणि ही काही सबब नाही.

प्रदीपची पडवी त्या दिवशी गच्च भरली. किशोर आणि प्रदीप मांडीला मांडी लावून पुढे बसले. प्रदीपने स्वतःच्या हाताने कॅसेट घातली आणि बटण दाबलं. भिंतीतून मला आधी "चालू कर, चालू कर" असा गलका आला, मग एक फट् असा आवाज, मग किंकाळ्या. अ‍ॅडॉप्टर पेटला, त्यावरून खिडकीचा पडदा पेटला. पोरं दाराकडे धावली तेव्हा नवा टीव्ही उलथला आणि फुटला. काचा लहान पोरांच्या पायांत गेल्या. माठातलं पाणी टाकून आग विझवली ती लवकरच, पण अ‍ॅडॉप्टर ओढून काढताना प्रदीपच्या तळहाताचं कातडं निघालं होतं.

तो गल्लीत आला तेव्हा किशोर त्याच्या मागेमागे येत होता. "पद्या, हात दाखव. पद्या."

"मना जालायला आनलीस कॅसेट?"

"नाय रं. आयशप्पत."

"गल्यात पडून रडला. जालायला."

गल्लीत सळया पडलेल्याच होत्या. प्रदीपने भाजलेल्या हातानेच एक उचलली. पहिला फटका किशोरच्या खांद्यावर बसला. त्याने हात वर केला नाही. तो अजून समजावत होता. दुसरा फटका चेहऱ्यावर. सळईचं टोक डाव्या डोळ्यात गेलं. किशोर गटाराच्या कडेला बसला, मग आडवा झाला. रक्त गटाराच्या पाण्यात जात होतं आणि प्रदीप मारतच होता, पाठीवर, मांड्यांवर, आणि दर फटक्याला विचारत होता, "आनलीस कशाला? आनलीस कशाला?" मी माझ्या दारात उभा होतो. मी पुढे झालो नाही. कुणीच झालं नाही.

भिमाबाय रिक्षातून उतरली तेव्हा तिच्या हातात बोंबलाची पिशवी होती. तिने पाहिलं. पिशवी खाली ठेवली, टाकली नाही, हे मला स्पष्ट आठवतं. ती घरात गेली, धोपटणं घेऊन आली आणि प्रदीपच्या जबड्यावर मारलं. लाकडाचा आणि हाडाचा एकच आवाज झाला. तो पडला, तरी तिने मारलं. त्याच्या आईने मध्ये हात घातला, तो हातही मोडला. चार माणसांनी तिला धरलं तेव्हा ती सुटून किशोरजवळ जाऊन बसली. लुगड्याचा बोळा त्याच्या डोळ्यावर दाबला.

"ऊट," ती म्हणाली. "ऊट रं. ऊट."

किशोर वाचला. डोळा गेला. प्रदीपचा जबडा तारेने बांधला. पोलिसांत कुणी गेलं नाही. भावकीतलं भावकीत मिटवायचं ठरलं, आणि सगळे जरा उभे राहण्याजोगे झाल्यावर गावदेवीच्या देवळात बैठक बसली. प्रश्न एकच होता. किशोरने भावाच्या गळ्यात पडून त्याला फसवलं का? तसं असेल तर किशोरला गावात तोंड दाखवायला जागा नव्हती.

भिमाबाय उभी राहिली. "पोराला ठावं नव्हतं. मीच मिस्त्रीला सांगलं व्हतं. कॅशेट दुसऱ्याच्या घरी चालली नाय पायजे, असं कर. त्यानं केली. मिस्त्रीला काय दोष?"

तिला खरंच तसं वाटत होतं. तारांमधलं तिला काही कळत नव्हतं. मुकी करायची म्हणजे जाळावंच लागत असेल, असं तिने धरलं.

गावचे एक म्हातारे पाटील माझ्याकडे वळले. "काय रे? बाईनं सांगलं तसंच केलंस?"

सगळा गाव बघत होता. प्रदीप बघत होता, तारेने बांधलेल्या तोंडाने. मी भाडोत्री, बाहेरचा. खरं सांगितलं तर देवळातून चालत बाहेर पडेन याची खात्री नव्हती. आणि तिने स्वतःच सगळं अंगावर घेतलं होतं.

"हो," मी म्हणालो. "सांगितलं तसंच केलं."

किशोरने तेव्हा उरलेला डोळा आईकडे वळवला. "आगीचं तुना ठावं व्हतं?"

ती गोंधळली. माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. "मीच सांगलं व्हतं ना," ती हळू म्हणाली.

किशोर उठून गेला. त्याच दिवशी तो करावेला मामाकडे गेला, मामाच्या होडीवर लागला, आणि आईशी पुन्हा बोलला नाही. स्वतःच्या लग्नात तिच्या पाया पडला, पण बोलला नाही. बापाचा खून सोसलेल्या घरात आईने भाऊ जाळायचा सापळा लावला आणि तो आपल्या हातून उडाला, असं त्याने मनात घेतलं, आणि ते बदलू शकेल असा एकच माणूस, म्हणजे मी, तोंड मिटून कामोठ्याला राहायला निघून गेला. निघताना तिने मला सुक्या जवळ्याची पुडी बांधून दिली होती. दोन्ही दुकानं बंद पडली. गावात पोरं पुन्हा गल्लीत मारामारी करू लागली असं ऐकलं.

मी लग्न केलं, मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, मुलगी मोठी झाली. हातावरचा डाग कशाचा असं तिने विचारलं की मी म्हणायचो, काम करताना भाजलं. वर्षं गेली. मग एक दिवस एका गिऱ्हाइकाकडून कळलं की घणसोली गावात ती जुनी आळी पाडताहेत, टॉवर होतोय. मी दुकान बंद करून गेलो.

घर अर्धं पडलं होतं. मधली भिंत तेवढी उभी होती. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर भिमाबाय बसली होती. वाकलेली, केस कापसासारखे, मांडीवर धोपटणं. ती जेसीबीच्या ड्रायव्हरला शिव्या देत होती, तुळशीवृंदावन शेवटी पाड म्हणून. त्याने ऐकलं नाही तेव्हा ती उठून मशीनच्या लोखंडी पंजावर धोपटण्याने बडवू लागली. ड्रायव्हरने हसून इंजिन बंद केलं.

"काकी," मी म्हणालो.

तिने ओळखलं. "मिस्त्री. जाडा झालास."

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डाग, तारा, किशोरचं कॅसेट नेणं, देवळातलं हो. ती ऐकत होती. मग तिने धोपटणं खुर्चीवर ठेवलं, आणि हाताने माझ्या कानफटात मारली. माझा चष्मा विटांमध्ये जाऊन पडला. त्या वयात एवढा हात. दुसरी मारेल म्हणून मी उभा राहिलो, पण तिचा हात खाली आला.

"मी मुकी कर बोलली व्हती," ती म्हणाली. "जाल बोलली नव्हती."

"नाही. तू म्हणाली नव्हतीस."

"येवढी वर्सां मना वाटला, बोलली असंन. आठवून आठवून बघितला. आठवत नाय तर नाय. मना वाटला, म्हातारी झाली, इसरली. बोललीच असंन."

मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी पाया पडायला वाकलो तर तिने पाय मागे घेतले.

"माज्याकडं कशाला आलास? रिक्षा बोलाव."

करावेच्या जेट्टीपाशी रिक्षा थांबली. ओहोटी होती, होड्या चिखलात टेकल्या होत्या. किशोर एका होडीच्या सावलीत जाळं विणत बसला होता, मान डाव्या बाजूला जास्त वळवून. केस पिकायला लागले होते. मी भिमाबायला हात द्यायला गेलो.

"मी नाय उतरत. त्यानं हाक मारली तर येन." तिने धोपटणं छातीशी धरलं आणि तोंड दुसरीकडे, रस्त्याकडे फिरवलं. रिक्षाच्या मागच्या काचेतून तिचा पांढरा अंबाडा तेवढा दिसत होता, अगदी सरळ, जराही न हलणारा.

किशोरने मला ओळखलं नाही. मग माझ्यामागची रिक्षा त्याला दिसली, तो अंबाडा दिसला, आणि त्याच्या हातातली सुई थांबली. मी बाही वर केली, डाग दाखवला, तो कुणी दिला ते सांगितलं. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर तीही सबबच झाली असती. म्हणून पुढचं सांगितलं.

"किशोर, तुझ्या आईने मला फक्त कॅसेट मुकी कर म्हणून सांगितलं होतं. जाळायचं मी ठरवलं, माझ्या रागाने. तू कॅसेट नेलीस तेव्हा मला ठाऊक होतं, आणि मी तुला थांबवलं नाही. देवळात मी खोटं बोललो. तुझा डोळा माझ्यामुळे गेला, तुझी आई माझ्यामुळे तुला दुरावली. तिचा काहीही दोष नव्हता. माझं चुकलं. मला माफ नाही केलंस तरी चालेल, पण तिला हाक मार."